दादाच्या वजनाची गाडी

माझा मोठा भाऊ मिलिंद गेला त्याला आता दीड महिना होत आला. त्या दिवशी सकाळी मी बदलापूरला शाळेच्या ऑफिसात होते, आणि आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "ज्योती, अंबरनाथला ये गं. आत्ता ये..." एवढंच बोलल्या. मी पर्स उचलली आणि रिक्षा केली. घरी पोचले तेव्हा दारात चपलांची गर्दी होती आणि आत दादाला चटईवर झोपवलं होतं. त्याच्यावरची चादर जवळजवळ सपाट दिसत होती. ज्या माणसाला आयुष्यभर एकेरी चादर पुरली नाही, त्याच्या दोन्ही अंगांना ती जास्तीची होऊन जमिनीवर पडली होती... मी त्या चादरीकडेच बघत बसले. तेवढ्यात गल्लीतली एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती बारीक झाला होता गं शेवटी." ती वाईट मनानं बोलली नव्हती, पण मला तिचा हात झटकावासा वाटला. याच बाईनं याच दारात उभं राहून वर्षानुवर्षं त्याला ऐकवलं होतं, "मिलिंद, जरा बारीक हो रे बाबा, मग बघ कशा मुली सांगून येतात."

दादा जाडा होता. हा शब्द मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या घरात तो कधी कोणी उच्चारला नाही. आई म्हणायची, "त्याची हाडंच मोठी आहेत." वडील होते तोवर म्हणायचे, "खात्यापित्या घरचा दिसतो, त्यात काय बिघडलं?" आईचं माहेर चामटोलीचं. तिथे गेलो की मामा त्याला अंगणातूनच ओरडून सांगायचे, "खाटंवर बसू नको रं भाच्या, कालच इनलीय," आणि सगळे हसायचे, दादा सगळ्यांत जास्त. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही त्याची रीत होती. वजनाचा आकडा मात्र आमच्याकडे कायम पंधरा-वीस किलो सूट देऊनच सांगितला जायचा. शिंप्याला तोच, डॉक्टरला तोच. स्थळांना पाठवायचे फोटो छातीपर्यंतचे. ते बघून मुलीकडचे यायचे, दादा आतल्या खोलीतून बाहेर आला की चहाचे कप हातात धरून एकमेकांकडे बघायचे, आणि मग निरोप यायचा की मुलीला अजून शिकायचंय. असं चार-पाचदा झाल्यावर दादानं आईला सांगितलं, आता बास. तेव्हा तो तिशीचा होता, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरीला होता, आणि त्याच वर्षी त्यानं गाडी घेतली.

गाडी साधीसुधी नव्हती. मुंबईतल्या एका हौशी माणसानं विकायला काढलेली, जुनी, जपानी बनावटीची स्पोर्ट बाईक. लाल रंग, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्यानं टाकीवर ओणवं व्हायचं. दादा ओणवा व्हायला गेला की आधी त्याचं पोटच टाकीला भिडायचं. पहिल्या दिवशी गल्लीत तमाशाच झाला. कट्ट्यावरची पोरं म्हणाली, "मिलिंदभाय, गाडी किधर है? दिखतीच नहीं." दादाही हसला. पण त्याच संध्याकाळी तो घरात मनगटं चोळत बसला होता. त्याच्या भारानं गाडी मागे खाली बसायची, पुढचं चाक हलकं पडायचं, वळणावर गाडी बाहेर बाहेर जायची, आणि स्पीडब्रेकरवर खालून असा दणका बसायचा की दातावर दात आपटायचे. आई म्हणाली, "विकून टाक, नाहीतर थोडं खाणं कमी कर." जगाचा न्याय हाच होता. वस्तू त्याच्या मापाची नसली की चूक त्याची. थिएटरची खुर्ची, एसटीचं बाक, दुकानातला तयार शर्ट, लग्नाच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्या तो आधी हातानं दाबून बघायचा आणि मगच टेकायचा... सगळीकडे तो मुकाट्यानं चूक कबूल करत आला होता. या गाडीपाशी मात्र तो अडून बसला. "गाडीची चूक नाय आणि माझी पण नाय," तो आईला म्हणाला. "ती तिकडच्या साठ किलोच्या माणसासाठी बनवलीय. मी माझ्या मापाची करून घेणार. शर्ट शिवून घेतो ना, तसं."

असं काही करून घ्यायला उल्हासनगरसारखी जागा नाही. तिथे काय बनत नाही तेच सांगावं लागेल. दादानं चौकशी करून हरेशभाई नावाच्या सिंधी माणसाचं गॅरेज शोधून काढलं. हरेशभाई गोरा, काटकुळा, तोंडाची टकळी अखंड चालू. दादाबरोबर मीही जायचे. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, आणि दादाला नव्या ठिकाणी एकट्यानं जायला नको असायचं. सोबत कोणी असलं की लोक जरा कमी टक लावून बघतात, असं त्याचं म्हणणं होतं. हरेशभाईनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, सीटखालच्या मागच्या स्प्रिंगवर टिचकी मारली आणि आम्हाला शिकवणी सुरू केली. "देखो मिलिंदभाई, स्प्रिंग का हिसाब सिंपल है. तुम बैठे तो थोडी दबनी मंगता. ज्यादा दबी तो नीचे ठोकेगी, कम दबी तो तुमको घोडे के माफिक उछालेगी. तो बोलो, सिंगल चलाओगे के डबल सीट?" दादानं मागच्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाला, "सिंगल. पीछे कोई नहीं बैठेगा." हरेशभाईला ते फक्त स्प्रिंगपुरतं हवं होतं, त्यानं मान हलवून पुढचं विचारलं, "वजन?" आणि दादानं आमच्या घरातला आकडा सांगितला, एकशे पाच. हरेशभाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भिंतीवर खडूनं तो आकडा लिहून ठेवला.

त्या आकड्याची स्प्रिंग बनून आली, बसवली, आणि गाडी पहिल्याच स्पीडब्रेकरला पुन्हा खाली टेकली. हरेशभाईनं आधी स्प्रिंगवाल्याला शिव्या घातल्या. स्प्रिंगवाला तार घेऊन भांडायला आला. दोघांचं सिंधीत बरंच वाजलं, आणि वाजता वाजता दोघंही गप्प होऊन दादाकडे बघायला लागले. "डॉक्टर से झूठ बोलो," हरेशभाई म्हणाला, "घरवालों से बोलो, सरकार से बोलो. स्प्रिंग से मत बोलो यार." दादाचे कान लाल झाले. शेजारी भंगाराचं दुकान होतं, तिथे लोखंड तोलायचा मोठा काटा होता, पण रस्ता भरून माणसं चालली होती आणि दादाचा पाय काही उचलेना. तेव्हा हरेशभाईनं भंगारवाल्याचं शटर अर्धं खाली ओढलं, सगळ्या माणसांना चहाला पिटाळलं आणि विचारलं, "बहन को भी बाहर भेजूं?" दादा म्हणाला, "नाय, ती राहू दे." मग तो डोळे मिटून काट्यावर चढला. काटा एकशे अठ्ठावीसवर थांबला. हरेशभाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हेल्मेट, जाकिट, बूट पकडके पाच किलो ऊपर," एवढंच म्हणून तो खडू शोधायला गेला. परत येताना दादा अंबरनाथ येईपर्यंत रिक्षातून बाहेरच बघत होता. मग म्हणाला, "ज्योते, कोणी हसलं नाय."

पुढचे कितीतरी रविवार आमचे त्या गॅरेजात गेले. दुसरी स्प्रिंग आली, काळी, अंगठ्याएवढ्या जाड तारेची. हँडल वर उचललं, पाय ठेवायचे दांडे खाली घेतले, सीट फाडून त्यात कडक फोम भरला आणि ती रुंद केली, पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांमध्ये दाट ऑइल घातलं. मग मोजणी. गॅरेजातल्या दोन पोरांनी गाडी सरळ धरायची आणि मी मागच्या चाकाच्या मधल्या नटापासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत टेप लावायची. आधी रिकाम्या गाडीला, मग दादा हेल्मेट-जाकीट चढवून वर बसला की पुन्हा. त्या दोन मापांतला फरक म्हणजे गाडी दादाखाली किती दबली ते. तो मनासारखा येईपर्यंत हरेशभाई स्प्रिंगवरची कडी एकेक खाच फिरवत राहायचा. कडी वरच्या खाचेत गेली की स्प्रिंग कडक, खालच्या खाचेत आली की मऊ. दादा फोटोला बसल्यासारखा ताठ बसायचा आणि पुढे बघतच विचारायचा, "आलं का?" एकदाचं ते आलं. "अब ये गाडी तुम्हारी है," हरेशभाई म्हणाला. "दूसरा कोई बैठेगा तो उसको लात मारेगी." मूळची जपानी स्प्रिंग दादानं घरी आणून माळ्यावर टाकून दिली.

त्या गाडीवर मी माझ्या भावाला देखणा पाहिलाय. हे कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहून ठेवते. लग्न होऊन मी बदलापूरला आले, तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो अंबरनाथहून निघून माझ्या दारात यायचा, उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि चामटोलीच्या रस्त्याला लागायचा. मी गॅलरीत जाऊन बघायचे. चालताना धापा टाकणारा, जिना चढताना मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट केल्याचं सोंग करणारा माझा भाऊ वळणावर असा अलगद झुकायचा की रस्त्यावरची माणसं मान वळवून बघायची, आणि त्या बघण्यात हसू नसायचं. मामांनी गाडीभोवती फिरून विचारलं, "ही तुला उचलते का रं?" "उचलते काय, पळवते," दादा म्हणाला. चार वर्षं तरी असं चाललं. कारखान्यात, नात्यात, गल्लीत त्याचं काहीच बदललं नव्हतं, पण आठवड्यातून काही तास तरी जगात एक वस्तू त्याच्या मापाची होती, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

मग दादा बारीक व्हायला लागला, आणि आम्ही सगळ्यांनी आनंद केला. कारखान्यातले लोक विचारायचे, "काय जिम लावली का?" शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, आता पुन्हा स्थळं बघायला हरकत नाही. आईनं माळ्यावरून बायोडेटाची जुनी फाइल खाली काढली. दादा स्वतः तर हवेत होता. "दोन पोळ्यांतच पोट भरतं हल्ली," असं तो अभिमानानं सांगायचा. काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा सांगितलं ते गाडीनं. एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, गाडी कडक झालीय, खड्ड्यात उडवते. उल्हासनगरला नेली तेव्हा हरेशभाईनं स्प्रिंग हातानं चाचपली. "स्प्रिंग अपने आप कडक नहीं होती, मिलिंदभाई. तुम कम हुए हो." दादा स्वतःहून शेजारच्या काट्यावर जाऊन उभा राहिला, शटर उघडं असताना, रस्त्यावरचे लोक बघत असताना. एकशे बारा. तो आकडा त्यानं तिथूनच मला फोन करून सांगितला, आईला सांगितला, आयुष्यात पहिल्यांदा एका किलोचीही सूट न देता. हरेशभाईनं कडी एक खाच खाली घेतली, आणि दादानं सगळ्या गॅरेजला दालपकवान खिलवलं. स्वतःच्या पुढ्यातलं मात्र अर्धंच खाल्लं, पोट भरलं म्हणाला... दुसऱ्या कोणा घरात जेवण तुटलेला माणूस दिसला असता तर त्याला दवाखान्यात नेलं असतं. आमच्या घरात त्याला शाबासकी मिळाली. जाड्या माणसाचं दुखणंसुद्धा लोकांना सुधारणा वाटते, आणि याचा मला आजही इतका राग येतो की काय करू कळत नाही.

पोटात दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेलो. पोटाचा कॅन्सर निघाला, आणि उशीर झालाय हे डॉक्टरांनी फिरवून फिरवून सांगितलं. मग मुंबईच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे प्रत्येक वेळी आधी वजन, कारण त्यावर औषधाचा डोस ठरायचा. ज्या काट्याला तो जन्मभर घाबरला, त्याच्यावर आता त्याला दर फेरीला चढायला लागायचं. आणि घरी आल्यावर तो पुन्हा खोटा आकडा सांगायला लागला. फक्त आता उलटा. नव्वद असेल तर पंच्याण्णव, ऐंशी असेल तर सत्त्याऐंशी. आई म्हणायची, "टिकून आहे म्हणजे," आणि दादा म्हणायचा, "हो, टिकून आहे." मी त्याच्याबरोबर गेलेली असायचे, मला खरा आकडा माहीत असायचा, आणि मीही मान हलवायचे.

गाडी चालवणं जवळजवळ बंद झालं होतं. तरी संध्याकाळी जरा बरं वाटलं की तो दारातल्या गाडीवर जाऊन बसायचा, इंजिन चालू करायचा, कधी कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. पण एकशे अठ्ठावीस किलोच्या माणसासाठी बनवलेली ती स्प्रिंग आता त्याच्याखाली दबायचीच नाही. त्याचे चवडे जेमतेम जमिनीला टेकायचे आणि गल्लीतला साधा दगडसुद्धा पोटात कळ आणायचा. एकदा तो खाली उतरून गाडीकडे बघत म्हणाला, "ही पण ओळख विसरली." मला ते सहन झालं नाही. मी हरेशभाईला फोन केला. मग तो दुपारी, औषधानं दादाला झोप लागली की, पाना घेऊन उल्हासनगरहून यायचा. मी गाडी धरायची, तो कडी एक खाच खाली घ्यायचा आणि चहा न घेता निघून जायचा. संध्याकाळी दादा बसला की गाडी त्याच्याखाली किंचित दबायची, पूर्वीसारखी, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं. "बघ, दबते अजून," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "मग, वजन टिकून आहे ना." आम्ही त्याला फसवत होतो, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. ते अर्धं मिनिट त्याच्या चेहऱ्यावर यावं म्हणून मी काहीही केलं असतं.

पण खाचा किती असतात... एका दुपारी हरेशभाई गाडीशी बराच वेळ उकिडवा बसून राहिला आणि म्हणाला, "दीदी, अब नीचे जगह नहीं है. ये आखरी था. अब पुराना स्प्रिंग डालना पडेगा, वो जपानी वाला." ते काम गॅरेजातच होणार होतं. गाडी न्यावी लागणार, सीट काढावी लागणार, दादापासून ते लपणार नव्हतं. जुनी स्प्रिंग लावायची म्हणजे त्याला तोंडावर सांगायचं, की तू आता त्या साठ किलोच्या माणसाएवढासुद्धा राहिला नाहीस. मी हरेशभाईला म्हटलं, राहू दे. त्यानंतर दादा संध्याकाळी गाडीवर बसायचा, गाडी हलायची नाही, आणि आम्ही दोघंही त्याविषयी बोलायचो नाही.

मग एका दिवशी त्यानंच विषय काढला. मी त्याला भाताची पेज भरवत होते. दोन चमचे घेऊन त्यानं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "माळ्यावरची जुनी स्प्रिंग काढ. हरेशभाईला सांग, लाव ती." मी बघतच राहिले. "आणि कडी फिरवायला त्याला दुपारच्या उन्हात नको बोलवत जाऊ," तो डोळे मिटूनच पुढे म्हणाला, "मी जागाच असतो." मी पेजेची वाटी खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, मला खूप आनंद झाला. मला वाटलं, त्याला गाडी चालवायचीय. जुनी स्प्रिंग लावली की गाडी पुन्हा त्याच्या मापाची होईल, तो चामटोलीला नाही तरी बदलापूरपर्यंत येईल, मी चहा टाकेन. माणूस कशाकशावर आशा बांधतो. मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले, स्प्रिंग शोधली आणि टेम्पोत गाडी घालून उल्हासनगरला गेले.

स्प्रिंग बदलून झाली आणि हरेशभाईनं टेप हातात घेतली. "नाप लेना पडेगा. उनके वजन का कोई चाहिए. कितना है अभी?" मी म्हटलं, "पासष्ट." हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही, घराची सवय असणार. हरेशभाई हातातली टेप आत-बाहेर करत उभा राहिला. पूर्वी दादाला जे बोलला होता ते मला बोलला नाही, नुसता थांबला. मग मी म्हटलं, "पन्नास." त्यानं खाली बघत विचारलं, "आप कितनी हो, दीदी?" मी म्हटलं, "तेवढीच." त्यानं फडक्यानं सीट पुसली. मी दादाचं हेल्मेट घातलं, त्याचं जाकीट घातलं, कारण मोजणी तशीच करायची असते, आणि गाडीवर बसले. जाकिटात माझ्यासारख्या तिघी मावल्या असत्या. दोघांनी गाडी धरली, हरेशभाईनं माप घेतलं, कडी एकदा वर नेली, एकदा खाली आणली, पुन्हा माप घेतलं. "बराबर है," तो म्हणाला. मी बराच वेळ हेल्मेट काढलं नाही.

घरी येऊन मी दादाला सांगितलं, झालं काम, मस्त बसते आता. त्यानं विचारलं, "मोजायला कोण बसलं होतं?"

"मी."

"हेल्मेट घालून?"

"हो."

"मग झालं तर," तो म्हणाला. "गिअरची शीक आता. क्लच एकदम नको सोडू, ती अंगावर येते." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणायला लागले, अरे, तू बरा झालास की... त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्या हातात वजन म्हणून नव्हतं. "ज्योते, पुरे," तो म्हणाला. मोजायला मीच बसणार हे त्याला पाठवतानाच माहीत होतं. त्या आठवड्यातच तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. त्रिसरण-पंचशील झालं, चार लोक चांगलं बोलले. बाहेर गाडीपाशी कोणी ना कोणी उभं होतंच. मावसभाऊ सहज बसला आणि म्हणाला, "मस्त बसते की, कोणालाही चालेल." खरं आहे, आता ती कोणालाही चालेल. हँडलही दादानं मागेच खाली करून घेतलं होतं, पोट आड येईनासं झालं तेव्हा. लोक मला म्हणतात, दादाची आठवण म्हणून गाडी चालव. पण त्या गाडीत दादा कुठे आहे? एकेक खाच करत आम्हीच त्याला तिच्यातून बाहेर काढलं. मी गिअरची शिकलेली नाही आणि शिकायचं मनातही येत नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर हरेशभाई आला. एवढा बोलका माणूस, पण दारातच उभा राहिला. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आईच्या पुढ्यात ठेवलं. "माताजी, ये मिलिंदभाई का है. इसको भंगार में कैसे डालूं," एवढं बोलून तो गेला. आईनं कागद सोडला. आत ती काळी स्प्रिंग होती, अंगठ्याएवढ्या जाड तारेची. आईनं गाडीतलं कधी काही पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, "ही काय करायची?" मी सांगितलं, दादा बसला की ही दबायची. आईनं ती फरशीवर उभी ठेवली आणि दोन्ही तळवे टेकून वरून दाबली. मग पदर खोचला, गुडघ्यांवर आली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पण ये." मी तिच्या हातांवर हात ठेवले आणि आम्ही दोघींनी मिळून, होता नव्हता तेवढा जोर लावून दाबली. ती दबली नाही.